शाळेत ख्रिस्ती क्लब काढायचा आहे? मग पहिली भेट मुलीला घेऊ द्या

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेत सरकारी हायस्कूलमध्ये नववीत शिकणाऱ्या तुमच्या मुलीला शाळेत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा क्लब सुरू करायचा आहे. शाळा परवानगी देईल का, किती मुले लागतात, तुमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पाळकसाहेबांना दर आठवड्याला संदेश द्यायला बोलावता येईल का, आणि पालक म्हणून तुम्ही आधी प्रिन्सिपलना भेटून घ्यावे का. मी शेवटच्या दोन प्रश्नांपासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्यांवर उभे आहे. पाळकसाहेबांना दर आठवड्याला बोलावता येणार नाही. आणि प्रिन्सिपलना तुम्ही भेटू नका, तिला भेटू द्या.

मी अशाच एका सरकारी हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षे तिथल्या ख्रिस्ती क्लबची ॲडव्हायझर, म्हणजे बैठकीला हजर राहणारी शिक्षिका, आहे. आजूबाजूच्या शाळांतले असे क्लब निघताना पाहिले, बंद पडतानाही पाहिले. शाळेने बंद पाडलेला क्लब क्वचितच सापडेल. बाकीचे आपोआप संपले, आणि त्यातल्या बहुतेकांची गोष्ट एकच होती. एखादी आई, एखादा यूथ पास्टर (चर्चमधल्या तरुणांचा पाळक) किंवा एखादे उत्साही शिक्षक सगळे चालवत होते, मुले फक्त येऊन बसत होती. तो मोठा माणूस दमला किंवा त्याची बदली झाली, की पुढच्या आठवड्यापासून खोली रिकामी.

मुलांनीच चालवायचे हा माझा हट्ट नाही, कायद्याचा पायाच तो आहे. १९६२ आणि १९६३ च्या निकालांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेने घडवून आणलेली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले. त्याचा अर्थ पुष्कळ शाळांनी असा लावला की मुले स्वतःहून जमून प्रार्थना करत असतील तर तेही थांबवायचे. मग १९८१ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या विद्यार्थ्यांचा खटला आला. इतर संघटनांना खोल्या देता तर धार्मिक संघटनेलाच नाही म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. हेच सूत्र हायस्कूलला लावण्यासाठी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९८४ मध्ये 'इक्वल ॲक्सेस ॲक्ट' केला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाशी संबंध नसलेल्या एका जरी विद्यार्थी गटाला शिकवण्याच्या वेळेबाहेर शाळेत जमू दिले, तर दुसऱ्या गटाला त्याच्या धार्मिक, राजकीय किंवा वैचारिक बोलण्यावरून अडवता येत नाही.

त्याबरोबर अटी येतात. गट ऐच्छिक आणि विद्यार्थ्यांनी स्वतः सुरू केलेला हवा. शाळेने किंवा तिच्या नोकरांनी तो पुरस्कृत केलेला नसावा. शिक्षक धार्मिक बैठकीला हजर असेल तर त्याने भाग घ्यायचा नाही. शाळेच्या कामात मोठा अडथळा येता कामा नये. आणि शाळेबाहेरच्या माणसांनी बैठका चालवायच्या नाहीत, त्यांच्यावर ताबा ठेवायचा नाही, नियमित हजेरीही लावायची नाही. तुमच्या पाळकांबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर या शेवटच्या अटीत आहे. अधूनमधून पाहुणे म्हणून ते येऊ शकतात. 'अधूनमधून' म्हणजे किती, हे कायद्यात आकड्याने लिहिलेले नाही. माझ्या क्लबला मी सांगते की एकच पाहुणा एका सत्रात एकदा, फार तर दोनदा. येताना त्यांनी ऑफिसात नोंद करून पाहुण्याचा बॅज लावायचा, आणि आमंत्रण मुलांच्या सहीचे असायचे.

या कायद्याची खरी परीक्षा ओमाहा शहरात झाली. जानेवारी १९८५ मध्ये वेस्टसाइड हायस्कूलच्या ब्रिजेट मर्गेन्स या विद्यार्थिनीने प्रिन्सिपलकडे ख्रिस्ती क्लबची परवानगी मागितली. शाळेत तेव्हा तीसेक क्लब होते, तरी तिला नकार मिळाला. शाळेचे म्हणणे असे की आमचे सगळे क्लब अभ्यासक्रमाशी जोडलेले आहेत, बुद्धिबळसुद्धा, कारण त्याने तर्कशक्ती वाढते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९० मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल लागला. न्यायालयाला हा युक्तिवाद पटला नाही. असा ओढूनताणून संबंध लावायचा तर कुठलाही क्लब अभ्यासक्रमात बसेल आणि कायद्याला अर्थच उरणार नाही. संबंध कधी धरायचा, तर क्लबचा विषय वर्गात प्रत्यक्ष शिकवला जात असेल किंवा लवकरच शिकवला जाणार असेल, तो सगळ्या अभ्यासक्रमांशी मिळून संबंधित असेल (उदाहरणार्थ विद्यार्थी परिषद), एखाद्या विषयासाठी त्यात भाग घेणे सक्तीचे असेल किंवा त्याचे क्रेडिट मिळत असेल. फ्रेंच शिकवणाऱ्या शाळेतला फ्रेंच क्लब या व्याख्येत बसतो. बुद्धिबळ आणि स्कूबा डायव्हिंगचे क्लब बसले नाहीत.

म्हणून तुमच्या मुलीचे पहिले काम म्हणजे शाळेच्या वेबसाइटवरची क्लबांची यादी उघडून नीट वाचणे. बुद्धिबळ, ॲनिमे, विणकाम, समाजसेवा, पर्यावरण, असे काहीतरी तिथे सापडेलच. सापडले की दार उघडे आहे असे समजा. शाळा खासगी असती तर हा कायदा लागू झाला नसता, शाळेचे स्वतःचे धोरण बघावे लागले असते. मिडल स्कूल 'माध्यमिक' धरायचे की नाही हे राज्याच्या कायद्यावर ठरते. प्राथमिक शाळेची गोष्ट वेगळीच आहे. तिथे शाळा सुटल्यावर बाहेरची मोठी माणसे बायबल क्लब चालवतात, आणि २००१ च्या मिलफर्ड शाळेच्या निकालाने, इतर संस्थांना इमारत वापरू दिली जात असेल तर, त्यांनाही ती मिळते. पुष्कळ पालक हे दोन प्रकार एकमेकांत मिसळतात. 'आमच्या धाकट्याच्या शाळेत तर चर्चच्या बाई येऊन शिकवतात' म्हणून हायस्कूलमध्येही तसे चालेल असे धरून चालतात. तसे चालत नाही.

किती मुले लागतात? ठरावीक संख्येहून लहान गटाचे हक्क कमी करण्याची मुभा हा कायदा कुणाला देत नाही. तरी शाळेच्या अर्जात सह्यांसाठी रकाने असतात. त्यावर वाद घालण्यापेक्षा सह्या गोळा करणे सोपे, आणि त्या निमित्ताने आपल्याबरोबर खरेच कोण आहे ते कळते. सुरुवात तिघींनी केली तरी पुरे. मला काळजी वाटते ती पहिल्याच बैठकीला चाळीस जण आले तर, कारण त्यातले बरेचसे खाऊसाठी आलेले असतात आणि तिसऱ्या आठवड्याला गळती लागली की सुरू करणाऱ्या मुलींचे तोंड उतरते.

आता प्रिन्सिपलची भेट. पालकांनी सुरुवातीलाच ईमेल केला, त्यातही कायद्याची कलमे टाकली, की शाळा दोन गोष्टी ओळखते: हा क्लब मुलांचा नाही, आणि हे लोक वकिलाकडे जातील. पहिली गोष्ट खरी ठरली तर तुमचा कायदेशीर हक्कच डळमळतो. दुसरीमुळे जे काम दोन मिनिटांत झाले असते ते स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) वकिलाच्या टेबलावर जाऊन महिनाभर पडून राहते. मुलीने एखाद्या मैत्रिणीला बरोबर घेऊन जावे आणि साध्या शब्दांत सांगावे: आम्हाला ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा क्लब काढायचा आहे, बाकीच्या क्लबांना जे नियम आहेत ते आम्ही पाळू, अर्ज कुठे मिळेल? बहुतेक ठिकाणी उत्तर येते, 'ॲक्टिव्हिटीज डायरेक्टरकडे जा.' हुज्जत नाही, भाषण नाही. आपल्या घरांत मुलांनी मोठ्या साहेबांशी एकट्याने बोलायची सवय नसते हे मला ठाऊक आहे. म्हणून घरी तालीम करून घ्या. पण दाराबाहेर गाडीत बसून राहा.

अर्ज भरण्याची मुदत बघून ठेवा. बऱ्याच शाळांत ती सत्र सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत संपते आणि मग जानेवारीपर्यंत थांबावे लागते. अर्जाबरोबर क्लबची छोटी घटना (नियमावली) मागतात: नाव, उद्देश, सदस्यत्व, पदाधिकारी, निवडणूक, बैठकीची वेळ. काही राज्यांत पालकांची लेखी संमतीही लागते. युटामध्ये तसा नियम सगळ्याच क्लबांना आहे. नाव सरळ ठेवा. 'होप', 'इग्नाइट' अशी गोलमोल नावे आणि पोस्टरवर फक्त 'मोफत पिझ्झा' हा प्रकार मला पटत नाही. ज्याला बायबल ऐकायचे नाही त्याला दारातच कळायला हवे की आत बायबल आहे. नाव झाकून आणलेला मुलगा पुन्हा येत नाही, आणि त्याच्या घरून तक्रार आली तर ती रास्तच असते.

घटनेतले एक कलम मात्र जपून लिहावे लागते, ते म्हणजे पदाधिकारी ख्रिस्ती असलेच पाहिजेत का. सदस्यत्व सगळ्यांना खुले ठेवा, यात मागेपुढे पाहू नका. नेतृत्वाबद्दल दोन निकाल माहीत असावेत. १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉझलिन इथल्या विद्यार्थ्यांच्या खटल्यात अपील न्यायालयाने अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संगीत संयोजक ही पदे ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी राखायला परवानगी दिली, कारण बैठकीतल्या भक्तीचे स्वरूप त्यांच्यावर ठरते. सेक्रेटरी आणि कार्यक्रम संयोजक यांच्यासाठी ती दिली नाही. २०२३ मध्ये नवव्या सर्किट न्यायालयाच्या (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या) मोठ्या पीठाने सॅन होजेच्या प्रकरणात फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलीट्स या ख्रिस्ती खेळाडूंच्या संघटनेच्या बाजूने कौल दिला. डिस्ट्रिक्टने या क्लबची मान्यता नेत्यांच्या विश्वासाच्या अटीवरून काढली होती, पण फक्त मुलींसाठी असलेल्या क्लबला मात्र चालू दिले होते. माझा सल्ला असा की अट शिकवणाऱ्या आणि प्रार्थना चालवणाऱ्या पदांपुरतीच ठेवा आणि एका वाक्यात लिहा. हिशेब ठेवणारा कोण आहे याने कुणाच्या विश्वासाला धक्का लागत नाही.

ॲडव्हायझर शोधायला मुली सहसा ज्यांच्या गळ्यात क्रॉस दिसतो त्या शिक्षकांकडे जातात. त्याची गरज नाही. खोलीत मोठे माणूस असावे म्हणून शाळेने शिक्षक नेमला तर शाळेने क्लब पुरस्कृत केला असे कायदा मानत नाही. तो शिक्षक कुठल्याही धर्माचा असो वा नसो. उलट कुणाही शिक्षकावर त्याच्या श्रद्धेविरुद्ध बसण्याची सक्ती करता येत नाही. चांगला ॲडव्हायझर म्हणजे ज्याची खोली कॅफेटेरियाजवळ आहे, जो दुपारी खोलीतच डबा खातो आणि जो मुलांचे बोलणे मध्ये तोडत नाही. मी स्वतः ख्रिस्ती आहे, तरी बैठकीत कोपऱ्यात बसून पेपर तपासते. मुले प्रार्थना करतात तेव्हा 'आमेन'सुद्धा मोठ्याने म्हणत नाही. एखादा मुलगा बायबलच्या वचनाचा अर्थ चुकीचा सांगत असतो तेव्हा जीभ चावून बसावे लागते. सवय होते.

२०२२ मध्ये ब्रेमर्टनच्या फुटबॉल कोच केनेडींच्या बाजूने निकाल लागल्यावर काही शिक्षक म्हणू लागले की आता आम्हीही मुलांबरोबर प्रार्थना करू. तो निकाल सामना संपल्यावर कोचने स्वतः केलेल्या प्रार्थनेबद्दलचा होता. क्लबच्या बैठकीत शिक्षकाने भाग घ्यायचा नाही ही १९८४ ची अट आहे तिथेच आहे.

वेळेचे म्हणाल तर दुपारच्या सुट्टीला मी पहिली पसंती देते. ती 'शिकवण्याची वेळ' नव्हे, हे १९९७ मध्ये सॅन डिएगोच्या प्रकरणात नवव्या सर्किटने मान्य केले आहे. त्या वेळी शाळेत कुठलाच वर्ग नव्हता, हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. शाळेआधी सकाळी ठेवलेली बैठक बसने येणाऱ्यांना गाठता येत नाही, शाळेनंतरची खेळाडूंना आणि वाद्यवृंदातल्यांना. दुपारची अडचण एवढीच की अर्ध्या तासातून रांग आणि डबा वजा केला की हातात वीसेक मिनिटे उरतात. ती पुरतात. बुधवार टाळा, कारण पुष्कळ मंडळ्यांत त्या संध्याकाळी तरुणांची सभा असते आणि मुले म्हणतात, संध्याकाळी जायचेच आहे.

वीस मिनिटांत करायचे काय, यावर क्लब तगतो की मरतो हे ठरते. पहिला मोह असतो रविवारच्या उपासनेची छोटी नक्कल करण्याचा: दोन गाणी, संदेश, समाप्तीची प्रार्थना. संदेश द्यायला दर आठवड्याला तयार असणारा पंधरा वर्षांचा मुलगा मिळत नाही, मग यूट्यूबवरचा व्हिडिओ लावला जातो, आणि व्हिडिओ तर घरीही दिसतो. त्यापेक्षा एक शुभवर्तमान (बायबलमधले येशूच्या जीवनाचे पुस्तक) घ्या आणि ओळीने वाचा. मार्ककृत शुभवर्तमानाचे सोळा अध्याय आहेत. पंधरवड्याला एक घेतला तर शाळेचे वर्ष जवळजवळ भरते, आणि मधल्या आठवड्यांत प्रश्न, प्रार्थना, वाढदिवस. अध्याय मोठा असेल तर त्यातला एकच प्रसंग मोठ्याने वाचायचा. मग तीन प्रश्न: इथे काय घडले, तुला काय खटकले, या आठवड्यात याचे काय करशील. चर्चा चालवणारा दर वेळी वेगळा. त्याला आदल्या दिवशी तो उतारा दोनदा वाचायला लागतो, एवढीच तयारी. 'मला माहीत नाही, पुढच्या वेळी बघून सांगतो' असे म्हणायला मुलांना शिकवा. पाहुण्या मुलांवर याचा जो परिणाम होतो तो तयार उत्तरांचा होत नाही.

खोलीत कॅथलिक असतील, बाप्टिस्ट असतील, पेंटेकॉस्टल, ऑर्थोडॉक्स असतील. दक्षिण भारतातल्या सिरियन मंडळीतली मुलेही असतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कुणीतरी बाळांच्या बाप्तिस्म्याचा, मरीयेच्या स्थानाचा किंवा प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषा बोलण्याचा विषय काढतो आणि हवा तापते. आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवून टाकले आहे की मंडळ्यांमधले वाद दारात ठेवायचे, आणि कुणाला विचारायचेच असेल तर 'तुमच्याकडे हे कसे करतात?' असे विचारायचे. 'तुम्ही हे का करता?' असे नाही. एवढ्या फरकाने निम्मी भांडणे टळतात. तुमच्या मुलीच्या मंडळीची पुस्तिका क्लबमध्ये वाटू नका, ती कितीही चांगली असली तरी.

दुसऱ्या धर्माचे मित्रमैत्रिणी येतील, त्यात आपल्याच मराठी ओळखीतल्या हिंदू घरातली मुलेही असतील. ही गोष्ट नाजूक आहे, म्हणून स्पष्ट बोलते. ती आली तर खुर्ची द्या, प्रश्न विचारू द्या, आणि 'तू कधी निर्णय घेणार?' असा लकडा लावू नका. प्रार्थनेच्या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत तर चालते. त्या मुलीच्या आईवडिलांना क्लबबद्दल दुसऱ्याकडून कळण्याआधी तिने स्वतः घरी सांगितलेले बरे. घरी खोटे सांगून ये, असे कुणी सुचवले तर ते तिथल्या तिथे थांबवा. आपल्या समाजात ओळखी एकमेकांत गुंतलेल्या असतात आणि एका गैरसमजाने दोन कुटुंबांचे जाणे-येणे बंद होते.

प्रार्थनेचे विषय सांगायची वेळ आली की मुले पटकन मन मोकळे करतात. बहुतेक वेळा परीक्षा, आजीचे आजारपण, मित्राशी भांडण. कधी कधी मात्र घरातली मारहाण किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार बाहेर येतात. 'इथले इथेच राहील' असे वचन क्लबने कधीही देऊ नये. शिक्षक म्हणून मला असे काही ऐकल्यावर कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि मुलांनाही मी सांगते की प्रार्थना करा आणि त्याच दिवशी समुपदेशकाकडे घेऊन जा. ९८८ हा आत्महत्या प्रतिबंधाचा क्रमांक आमच्या खोलीच्या दारावर लावलेला आहे. शिवाय हे विषय ग्रुप चॅटवर लिहायचे नाहीत, कारण 'अमक्यासाठी प्रार्थना करा' या नावाखाली अमक्याची गोष्ट संध्याकाळपर्यंत शाळाभर होते.

जाहिरात, फळा, इयरबुक (शाळेचे वार्षिक पुस्तक), सकाळची घोषणा यांत इतर क्लबांना जे मिळते ते मागा. जास्त मागू नका आणि कमी घेऊ नका. वॉशिंग्टन राज्यातल्या एका बायबल क्लबच्या खटल्यात २००२ मध्ये नवव्या सर्किटने इयरबुक आणि निधी उभारण्याच्या सोयीही बरोबरीने द्यायला लावल्या होत्या. पैशाची एक अडचण सांगून ठेवते. दुपारी कपकेक विकून पैसे उभे करायचे मुलींच्या डोक्यात येईलच. शाळेच्या दिवसात आवारात विकल्या जाणाऱ्या खाण्यावर २०१४ पासून केंद्राचे पोषणविषयक नियम आहेत, आणि सूट किती हे राज्य ठरवते. शाळा सुटून अर्धा तास झाल्यावर ते लागू नसतात. फुकट वाटलेल्या खाण्याला ते नियम नाहीत, तरी शेंगदाण्याची आणि इतर ॲलर्जी आधी विचारा.

क्लबची मंजुरी यायच्या आधी काही करायचे असेल तर सप्टेंबरचा चौथा बुधवार आहे. त्या सकाळी शाळा भरण्यापूर्वी विद्यार्थी झेंड्याच्या खांबाभोवती जमून प्रार्थना करतात. १९९० मध्ये टेक्सासमधल्या बर्लसन इथल्या काही तरुणांपासून हे सुरू झाले. त्याला क्लब लागत नाही. आपल्यासारखे आणखी कोण आहेत हे शोधण्याचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही, कारण खांबाशी उभी राहिलेली मुले पुढे क्लबमध्ये येतात.

फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलीट्स (१९५४), यंग लाइफ (१९४१) अशा संस्थांची नावे तुम्हाला कुणीतरी सुचवेल. त्यांचे साहित्य घ्या, शिबिराला पाठवा, मुलीला कुणी अनुभवी व्यक्ती सल्ल्याला मिळाली तर उत्तमच. त्यांच्या कार्यकर्त्यांनाही बाहेरच्या माणसांची तीच अट लागू आहे. नामवंत संस्थेची पाटी लावली की क्लब आपोआप चालतो असे मला कधी दिसले नाही.

शाळेने नाही म्हटले तर? आधी नकार लेखी मागावा, तोही मुलीनेच, आणि कारण विचारावे. बहुतेक वेळा कारण म्हणजे 'आपल्याकडे धर्म शाळेबाहेर असतो' असा एखाद्या नव्या व्हाइस प्रिन्सिपलचा समज असतो, आणि डिस्ट्रिक्टच्या ऑफिसने एक फोन केला की सुटते. इथे तुम्ही पालक म्हणून पुढे यायला हरकत नाही. क्लबांची यादी जोडून, कायद्याचे नाव घेऊन, सौम्य पत्र लिहा. तुमचा व्हिसा कुठला आहे याचा इथे काही संबंध नाही, कायदा 'विद्यार्थी' एवढेच म्हणतो. एक मात्र लक्षात असू द्या: कायदा मोडला म्हणून केंद्राचा निधी थांबवण्याची तरतूद त्यात नाही, त्यामुळे शेवटचा उपाय कोर्टच असतो. तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

शाळेकडे दुसरा मार्गही असतो, अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच क्लब बंद करण्याचा. १९९६ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या शाळा मंडळाने तेच केले होते. समलिंगी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मित्रांना क्लब नाकारता येईना म्हणून सगळ्यांचेच दार लावले, आणि ते २००० मध्ये उघडले. त्या मुलांनी आधार घेतला तो याच १९८४ च्या कायद्याचा, ज्यावर तुमची मुलगी उभी आहे. काही ख्रिस्ती पालकांना हे ऐकायला आवडत नाही. 'आमचा क्लब हवा, पण तो दुसरा नको' अशी सही-मोहीम घेऊन ते येतात. अशा कागदावर तुमच्या मुलीने सही करू नये असे मी सांगेन. शेजारच्या वर्गात कुणाचा क्लब आहे यावर तिच्या प्रार्थनेचे काही अडत नाही, आणि त्यांचा गेला तर कायद्याने तिचाही जाऊ शकतो.

राहिला तो वारसदारांचा प्रश्न. तुमची मुलगी नववीत आहे, ही मोठी जमेची बाजू. बारावीतल्यांनी काढलेला क्लब मेमध्ये त्यांच्याबरोबरच पदवीदानाला निघून जातो. पहिल्या वर्षी तिनेच अध्यक्ष व्हावे, हरकत नाही. दुसऱ्या वर्षापासून दर बैठकीला एखाद्या लहान मुलाकडे काही ना काही सोपवलेले असावे, निदान हजेरीची वही तरी. निवडणूक मार्चमध्ये घ्या. मेमध्ये घेतली तर परीक्षा, प्रॉम (शाळेचा नृत्यसमारंभ) आणि सुट्ट्यांच्या गडबडीत नव्यांच्या हाती काहीच येत नाही. मार्चनंतरचे दोन महिने नव्या मुलांनी चालवायचे आणि जुन्यांनी बघायचे. क्लबचे ईमेल खाते, त्याचा पासवर्ड, घटनेची प्रत, पुढच्या वर्षीच्या अर्जाची तारीख आणि ॲडव्हायझरचा होकार हे सगळे एका फोल्डरमध्ये ठेवून ते हाती द्यायचे. ऑगस्टमध्ये नूतनीकरणाचा अर्ज राहून गेला म्हणून बंद पडलेले क्लब मला माहीत आहेत. आणि जमले तर बारावीच्या वर्षी तिला पद सोडायला सांगा. अध्यक्षाच्या खुर्चीत अकरावीतली कुणीतरी असेल, तुमची मुलगी मागच्या बाकावर डबा खात असेल, आणि काही चुकले तरी तिने ताबडतोब उठून ते दुरुस्त करायचे नाही. कॉलेजच्या अर्जावर 'संस्थापक' लिहायला तेवढ्याने काही बाधा येत नाही.